आत्याची सहाची गोळी : कळंब्याकडच्या एका छोट्या निवासाची पारख

परिस्थिती

आत्या ७८ वर्षांची. लग्न केलं नाही. कोल्हापूर महापालिकेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं, म्हणून अख्खी मंगळवार पेठ तिला ‘बाई’ म्हणते. सहा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासायला लागली, फळ्यावर टपोरं उमटणारं अक्षर कागदावर मुंगीएवढं झालं, आणि न्यूरोच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. तेव्हापासून लेव्होडोपा-कार्बिडोपाची, म्हणजे मेंदूत कमी पडणारं डोपामिन भरून काढणारी गोळी चालू आहे. यंदा जानेवारीत न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटले, वरचं अंग पुढं गेलं आणि ती पडली. हाड मोडलं नाही. पण पावणेदोन तास ती ओल्या फरशीवर होती. शेजारच्या काकू दुधाची किटली द्यायला आल्या तेव्हा कळलं.

मी तिची भाची. राजारामपुरीत माझं औषधाचं दुकान आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचं सगळं अंथरुणात. दादा पुण्यात. पडल्यावर ब्युरोकडून चोवीस तासांची मावशी ठेवली. साडेतीन महिन्यांत तीन मावश्या बदलल्या. एक न सांगता गेली, एकीला रात्रीची झोप आवरायची नाही, तिसरी चांगली होती पण तिच्याच घरी दुखणं निघालं. प्रत्येक नव्या बाईला गोळ्यांचं वेळापत्रक पहिल्यापासून शिकवायचं, आणि ते शिकेपर्यंत आत्याचे हाल.

वृद्धनिवासाचा विषय काढला तेव्हा आत्या म्हणाली, “मला आश्रमात टाकालायस व्हय?” त्या ‘टाकालायस’ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एवढंच कबूल केलं की तू स्वतः बघितल्याशिवाय काही ठरणार नाही, आणि तू नाही म्हणालीस तर विषय बंद. हा शब्द मी पुढं पाळला, म्हणूनच बाकीचं जमलं असं मला वाटतं.

चोवीस तासांचा कागद

निवास बघायच्या आधी मी दोन दिवस आत्याकडं राहिले आणि तिचा दिवस वहीत उतरवला. काय काय ‘येतं’ आणि काय काय ‘येत नाही’ अशी यादी डॉक्टर विचारतात, ती वेगळी. मी घड्याळ लिहिलं.

५:४५, जाग. अंग लाकूड, कूस बदलता येत नाही. ६:००, गोळी, कोमट पाण्याबरोबर. ६:३५, पाय सुटतात, त्यानंतरच न्हाणी. ७:१५, चहा-खारी. ९:४०, पाय पुन्हा जड, आवाज बारीक. १०:००, गोळी. असं दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेनऊच्या पाचव्या गोळीपर्यंत. मग रात्री साडेबारा आणि तीनच्या सुमारास लघवीला उठणं, दोन्ही वेळा कुणीतरी हात धरायला लागतं.

पार्किन्सनच्या माणसाची जागा ठरवताना हे घड्याळच मुख्य असतं. गोळीचा असर तीन-चार तास टिकतो. तो उतरला की हीच बाई, जी दहा मिनिटांपूर्वी स्वतः वेणी घालत होती, ती खुर्चीतून उठू शकत नाही. गोळी अर्धा तास उशिरा म्हणजे दिवसातला तास-दीड तास गेला. शिवाय लेव्होडोपा आणि आहारातली प्रथिनं आतड्यात एकाच वाटेनं रक्तात शिरतात. दूध, डाळ, मटण यांच्याबरोबर गोळी घेतली तर ती वाट अडते आणि असर कमी होतो. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर.

कोल्हापुरात ही गोष्ट पटवणं अवघड. इथं गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पितात, आजारी माणसाला तर आधी दूध. आत्यासुद्धा पहिली दोन वर्षं सहाची गोळी पेलाभर दुधाबरोबर घेत होती आणि ‘गोळी लागू पडंना’ म्हणत होती. दूध नाश्त्यानंतर तासाभराने द्यायला लागलो तेव्हा सकाळ सुधारली.

पहिल्या दोन भेटी

निवास कळंब्याच्या पुढं, भाड्याच्या दुमजली बंगल्यात. १४ खाटा, त्यातल्या १२ भरलेल्या. चालवणाऱ्या बाई आधी खासगी दवाखान्यात वीस वर्षं परिचारिका होत्या. त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात.

पहिल्यांदा गेले ते वेळ ठरवून, रविवारी अकराला. सगळं लख्ख. आंघोळ झालेली माणसं व्हरांड्यात, वरणाला फोडणी पडल्याचा वास. अशा भेटीत वास आणि फरशी यापलीकडं फारसं काही कळत नाही. मी वहीचं पान सिस्टरना दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडे औषधं तीन वेळा. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. आणि सकाळी सहाला सगळ्यांना दूध, त्याच्याबरोबर थायरॉइडच्या गोळ्या.”

मी सांगितलं की थायरॉइडची गोळीसुद्धा दुधाबरोबर नको, उपाशीपोटी पाण्याबरोबर हवी, दुधातल्या कॅल्शियमनं ती नीट शोषली जात नाही. त्या क्षणी समोरचं माणूस काय करतं ते मी बघत होते. सिस्टरनी खिशातलं पेन काढलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात तिथल्या तिथं दुरुस्ती केली. ‘आमच्याकडे इतकी वर्षं असंच चालतं’ असं म्हणाल्या नाहीत. निवासाच्या बाजूनं माझ्या मनात पहिली खूण पडली ती इथं.

दुसऱ्यांदा बुधवारी पहाटे, न कळवता, गाडी काढून सहाच्या ठोक्याला गेले. ग्रिलला आतून कुलूप. मावशीच्या कमरेला किल्ली, मावशी वरच्या मजल्यावर. दार उघडायला तीन मिनिटं लागली. कुलूप का, तर तिथं एक आबा आहेत, विसरण्याचा आजार असलेले. दिवस कलला की पिशवी भरून ‘मी घरी जातो’ म्हणत दाराशी येतात. कारण खरं आहे. पण स्वयंपाकघरात दोन सिलिंडर, वर सात माणसं, आणि बाहेर पडायची किल्ली एकीच्या कमरेला, हे मला चालण्यासारखं नव्हतं. दुसरी किल्ली दारामागे उंच खिळ्याला टांगायचं ठरलं. आबांचा हात तिथं पोचत नाही.

तिसरी भेट, आत्यासह

आत्याला नेलं ते संध्याकाळी साडेसहाला, तिची गोळी लागू पडल्यावर. दारातच एक मावशी प्रेमानं म्हणाली, “या आजी, बसा आजी.” आत्या थांबली. “मी कुणाची आजी न्हाई. मी बाई हाय.” मावशी गोंधळली, पण सिस्टरनी लगेच, “या बाई,” म्हटलं. पेठेत पन्नास वर्षं जी ओळख होती ती ग्रिलच्या आत शिरताना गळून पडणार का, हा आत्याचा खरा प्रश्न होता. तो तिनं पहिल्या मिनिटात विचारून टाकला. मी माझ्या वहीत असला प्रश्न लिहिलाच नव्हता.

मग न्हाणी. भिंतीला स्टीलची दांडी होती. मी तिला धरून अंगाचा भार टाकला तर ती हलली. टॉवेल वाळत घालायची दांडी होती ती. तोल जाणाऱ्या माणसाला धरायची दांडी भिंतीत खोल रोवलेली लागते, अंगाचं वजन पेलणारी. दुसरं म्हणजे दार आत उघडत होतं. आत माणूस दाराला टेकून पडला तर बाहेरून दार ढकलता येत नाही. जानेवारीत नेमकं हेच झालं होतं. काकूंनी दार ढकललं तेव्हा आत्याचा खांदा मध्ये होता. सिस्टर म्हणाल्या, बंगला भाड्याचा, मालकाला विचारावं लागेल. विचारलं, आणि आठ दिवसांत दाराची बिजागरी बाहेरच्या बाजूला आली. दांड्यांचा खर्च आम्ही दिला. त्यात मला काही गैर वाटलं नाही, त्या दांड्या आत्यानंतरही कुणाच्या तरी कामाला येतील.

खोलीच्या उंबऱ्यापाशी आत्याचे पाय चिकटलेच. सिस्टर मागून आधार द्यायला धावल्या, तर मी त्यांना थांबवलं. अशा वेळी ओढलं किंवा ढकललं की माणूस पडतो. पायापुढं आडवी रेघ दिसली किंवा ताल मिळाला तर पाय सुटतो. आम्ही घरी खडूनं रेघा मारल्या होत्या. पण आत्याची स्वतःची युक्ती वेगळी. ती हळू आवाजात शाळेतली कवायत म्हणते, “डावा, उजवा, डावा.” तिनं म्हटलं आणि उंबरा ओलांडला. व्हरांड्यातल्या एका आज्जींनी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी उंबऱ्याच्या अलीकडं पिवळ्या चिकटपट्टीच्या पाच आडव्या रेघा मारून मला फोटो पाठवला.

एक रात्र

मला रात्र बघायची होती. सिस्टर आधी कचरल्या, बाकीच्यांची गैरसोय होईल म्हणाल्या, मग रिकाम्या खाटेवर झोपायला परवानगी दिली. जी जागा नातेवाइकाला एक रात्रही राहू देत नाही, तिथं मी माणूस ठेवणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

रात्री दोन मजल्यांना मिळून एकच मावशी, आणि खाली झोपलेला एक मुलगा, उचलायला लागलं तर. साडेदहाला दिवे मालवले. मी घंटेचं बटण दाबून बघितलं. घंटा खाली स्वयंपाकघरात वाजली, मावशी वर होती, तिला ऐकूच आली नाही. चार मिनिटांनी ती आपणहून आली. बारा वीसला कोपऱ्यातल्या आज्जी ‘आई, आई’ करायला लागल्या. मावशी अनवाणी आली, त्यांच्या पायाशी बसली, काही न बोलता पोटऱ्या दाबत राहिली. त्या झोपल्यावर उठली आणि शेजारच्या खोलीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस बदलली. दोन वाजता पुन्हा, चारला पुन्हा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि ती खरंच बदलत होती. पाठीमागं उशी देताना तिनं चादरीची सुरकुतीसुद्धा हातानं सरळ केली.

पावणेपाचला मात्र ती टेबलाशी बसली, रजिस्टर उघडलं, आणि १०, १२, २, ४ अशा चारी ओळी एका दमात भरल्या. एकच शाई, एकच हात, एकाखाली एक सही.

यावर मी बराच विचार केला. दुकानात औषधांचं रजिस्टर मीही ठेवते, त्यामुळं अशी एकजात नोंद मला लांबून ओळखू येते. एरवी मी म्हटलं असतं, इथं सगळं कागदावरच. पण मी जागी होते, काम माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. तरीही कूस बदलण्याच्या बाबतीत जे खपून जातं ते आत्याच्या गोळीच्या बाबतीत खपणार नाही. नोंद पहाटे एकदम होत असेल, तर एखाद्या रात्री गोळी चुकली तरी कागद ती दिली असंच सांगेल. मी मावशीला काही बोलले नाही. बारा माणसांची रात्र एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला सही उशिरा केली म्हणून टोकणं मला जमलं नसतं. सिस्टरशी बोलले. घंटेचा एक जोड वरच्या मजल्यावर बसवायचा, आणि आत्याची गोळी रजिस्टरवर सोडायची नाही, असं ठरलं. पाच कप्प्यांचा डबा, त्यावर पाच वेळा, आणि मावशीच्या मोबाइलला पाच गजर. कप्पा रिकामा झाला की तेव्हाच त्या वेळेपुढं मिनिटासकट आकडा लिहायचा. सहा वाजता ‘६’ असं नाही, ‘६:०८’ असं.

पाणी, कागद, पैसे

कळंब्याची बाजू उंचावर, तिथं पुराचं पाणी चढत नाही, म्हणून हा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहरातले नळ कोरडे पडले, कारण नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली. शिरोलीपाशी महामार्ग बंद, औषधांच्या गाड्या अडकलेल्या. ते दिवस मी दुकानात काढलेत. बारा-चौदा माणसं, त्यात डायपरवाली पाच, आणि नळाला पाणी नाही, असं झालं तर काय? सिस्टरनी बोअर दाखवली आणि ती चालवायला जनरेटर. औषधांचा साठा मात्र आठवड्याचाच होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की आत्याच्या वीस दिवसांच्या गोळ्या तिथं पोचलेल्या असतील, हे मी माझ्या अंगावर घेतलं. ४३ फूट ही धोक्याची पातळी, तोवर थांबायचं नाही.

नोंदणीचं विचारलं तर शॉप ॲक्टची पावती दाखवली. कामगार थोडे असले की २०१७ च्या कायद्यानुसार नुसती सूचना द्यावी लागते. धंदा चालू आहे एवढंच त्या कागदावरून कळतं, माणसांची काळजी कशी घेतात ते नाही. म्हणून करारपत्र ओळीनं वाचलं. त्यात एक कलम होतं, ‘प्रकृती बिघडल्यास नातेवाइकांनी आठ तासांत घेऊन जावे.’ कुठं घेऊन जावे? आम्ही ते बदलून घेतलं. आधी १०८ ला फोन, मग मला, आणि दवाखान्यातून सुटल्यावर खाट राखून ठेवलेली असेल. पडली, श्वास लागला, बोलणं अडखळलं तर माझ्या परवानगीची वाट बघायची नाही, हे वेगळं लिहून घेतलं.

महिन्याला १९,०००, डिपॉझिट ५०,०००, डायपर आणि फिजिओथेरपी वेगळी. आत्याच्या पेन्शनमध्ये बसतं. दादाच्या मनात होतं की आता घर बक्षीसपत्रानं नावावर करून घ्यावं, पुढं धावपळ नको. मी विरोध केला. वकिलांनीही सांगितलं, घर बाईंच्या नावावरच राहू दे. कधी द्यायचंच झालं तर सांभाळण्याची अट दस्तात लिहा, म्हणजे ती मोडली तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो. दादाला ते लागलं. पण पेठेतल्या घराची किल्ली आत्याच्या पर्समध्ये राहणं हे मला कुठल्याही डिपॉझिटपेक्षा मोठं वाटतं. ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा नंबर मी तिच्या डायरीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवला, आमच्याबद्दल तक्रार करायची असली तरी उपयोगी पडेल असं सांगून.

पंधरा दिवस

“बघतो पंधरा दिवस. न्हाई पटलं तर येतो परत,” असं म्हणून आत्या गेली. डिपॉझिट न भरता, दिवसाच्या हिशेबानं.

नवव्या दिवशी तिला उलट्या झाल्या. निवासात येणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन सांगितलं. उलटीला ते सर्रास देतात. पण ते मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतं, म्हणजे आत्याची गोळी जे करते त्याच्या बरोबर उलट. पार्किन्सनच्या माणसाला त्यानं जखडायला होतं. आत्याच्या खाटेच्या डोक्याशी मी लाल अक्षरात कागद चिकटवला होता : मेटोक्लोप्रमाइड नको, हॅलोपेरिडॉल नको, लेव्होडोपा एकदम बंद करायची नाही. दुपारच्या पाळीच्या मावशीनं, बारावीपर्यंत शिकलेल्या पोरीनं, इंजेक्शनच्या कुपीवरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवलं आणि सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी डॉक्टरांना परत फोन लावला. त्यांनी लगेच डोम्पेरिडोन सांगितलं. कुणावर राग धरावा असं यात काही नव्हतं. पण तो कागद त्या दिवशी खाटेशी नसता तर, हे मनातून जात नाही.

पंधराव्या दिवशी मी विचारलं. आत्या म्हणाली, “शुक्रवारी अंबाबाईच्या पालखीला नेशील न्हवं?” नेईन म्हटलं. तिला राहायचं होतं, आणि ते तिनं असं सांगितलं.

तीन महिन्यांनी

बाईंकडं आता दुपारी चारला एक मावशी पाढे शिकायला बसते, तिच्या मुलाला घरी शिकवता यावेत म्हणून. आवाज बारीक असला तरी आत्या खुर्चीत ताठ बसून म्हणून घेते. फिजिओ म्हणतात, या म्हणण्यानं आवाजाला व्यायाम होतो. वजन दीड किलो वाढलंय. बद्धकोष्ठ तसंच आहे. जूनमध्ये एकदा पडली, व्हरांड्यात, लागलं नाही. दीड मिनिटात माणूस पोचला.

गोळीची वही मी परवा घरी आणून बघितली. तीन महिन्यांत साडेचारशेच्या आसपास गोळ्या. वीस मिनिटांहून जास्त उशीर झालेल्या चौदा, त्यातल्या नऊ रविवारच्या. रविवारी नेहमीच्या मावशीची सुट्टी असते आणि बदली बाई येते. तिच्या मोबाइलमध्ये गजर लावलेले नाहीत. सिस्टरना आकडे दाखवले, त्यांनाही हे लक्षात आलं नव्हतं. येत्या रविवारी पहाटे सहाला मी तिथं असेन, बदली मावशीबरोबर, डबा घेऊन.